झेडपी शाळांची खरंच मक्तेदारी आहे का? बीडच्या वस्त्यांवर जाऊन पाहू

सरकारी शाळा म्हणजे मक्तेदारी, हा आरोप जुना आहे. सरकारनं शाळेऐवजी पालकांच्या हातात व्हाउचर द्यावं आणि शाळा त्यांना निवडू द्यावी, असं अमेरिकी अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमन यांनी १९५५ मध्येच मांडलं होतं. आपल्याकडे हाच सूर ‘पट नाही, तरी पगार चालू’ अशा शब्दांत ऐकू येतो.

आकडे पाहिले तर हा राग समजू शकतो. २०२३ मध्ये ‘समूह शाळां’चा प्रस्ताव आला, तेव्हा राज्यात २० पेक्षा कमी पटाच्या १४,७८३ शाळा होत्या. मुलं सुमारे १ लाख ८५ हजार, शिक्षक २९ हजारांहून जास्त. म्हणजे एका शिक्षकामागे साधारण सहा मुलं.

पण मक्तेदारी म्हटली की गिऱ्हाइकाला दुसरीकडे जाता येत नाही. बीड जिल्ह्यात तसं चित्र नाही. अंबाजोगाई, माजलगाव, केजमध्ये इंग्रजी शाळा आहेत. २०१२ च्या स्वयंअर्थसहाय्यित शाळांच्या कायद्यानं नवी खासगी शाळा काढणंही सोपं केलं. ज्यांना फी परवडते त्यातले बरेच जण झेडपीतून केव्हाच बाहेर पडले. पट घसरला तो त्यामुळेही.

बालाघाटच्या डोंगरातल्या वस्त्या-तांड्यांवर मात्र अनेकदा झेडपीची शाळा एकटीच असते. तिथं फी मिळणार नाही, म्हणून खासगी संस्था फिरकत नाहीत. शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत हवी. त्यामुळे पट कमी राहणारच. याला उधळपट्टी म्हणायचं की कायद्याची किंमत?

ऊसतोडीचा हिशेब

३० सप्टेंबरच्या पटावर संचमान्यता होते, म्हणजे शिक्षकांची पदं ठरतात. त्यानंतर महिना-दीड महिन्यात ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकाकडे निघतात. मूल मागे राहिलं तर शाळेत, नाहीतर आई-बापाबरोबर फडावर. पूर्वी कारखान्यांवर साखरशाळा होत्या. शिक्षण हक्क कायद्यानंतर भर गावातल्या हंगामी वसतिगृहांवर आला. ही वसतिगृहं शाळा व्यवस्थापन समितीमार्फत चालतात. वस्तीवरची शाळाच उठली, तर आजीजवळ राहिलेलं दुसरीतलं पोर रोज किती चालेल? समूह शाळेची बस कागदावर छान दिसते. डोंगरातला रस्ता पावसाळ्यात काय होतो, ते तिथल्यांना विचारावं.

मग सुधारणा अडते कुठे?

शिक्षक संघटना अडवतात, हे काही अंशी खरं. ऑनलाइन बदल्यांना २०१७ मध्ये त्यांनी विरोध केला होता. तरी त्या लागू झाल्याच. अडचण वेगळीच आहे. शिक्षक किती, कोण, कधी येणार, यातलं काहीच मुख्याध्यापकाच्या हातात नाही. भरती पवित्र पोर्टलवरून, पदं संचमान्यतेवरून, वसतिगृहाची मंजुरी वरून. १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयानं सहावी ते आठवीला २० पेक्षा कमी मुलं असतील तर शिक्षकपदच नाही, अशी अट आणली. त्यावर बराच गदारोळ झाला. ही अट शाळेनं मागितली नव्हती.

खासगीकडे वळलं की गळती थांबते, असंही नाही. २०२५ मध्ये नागपुरात उघड झालेला बोगस शालार्थ आयडी घोटाळा खासगी अनुदानित शाळांमधला होता. पगार सरकारी तिजोरीतूनच जात होता.

दरम्यान बीडमध्ये प्रश्न तारखेचा आहे. वसतिगृहाची मंजुरी टोळी निघण्याआधी आली, तर मूल वर्गात राहतं. डिसेंबरात आली, तर तोवर ते फडावरच्या कोपीत पोहोचलेलं असतं.