तुघलकाला फौज लागली

फेसबुकशी माहिती वाटून घेण्याच्या अटी मान्य करा, नाहीतर खाते विसरा, असे व्हॉट्सअ‍ॅपने जानेवारी २०२१मध्ये बजावले. जगभर संताप उसळला. इलॉन मस्क यांनी 'सिग्नल वापरा' एवढेच ट्वीट केले आणि सिग्नल या मेसेजिंग अ‍ॅपवर झुंबड उडाली. कंपनीने ८ फेब्रुवारीची मुदत १५ मेपर्यंत लांबवली. तेवढ्यात लोकांचा राग निवाला. 'चला, सगळे सिग्नलवर जाऊ' हे ठराव व्हॉट्सअ‍ॅपवरच झाले, त्यांना अंगठे व्हॉट्सअ‍ॅपवरच मिळाले आणि बहुतेक मंडळी तिथेच राहिली. स्पर्धा आयोगाने याच सक्तीबद्दल नोव्हेंबर २०२४मध्ये व्हॉट्सअ‍ॅपची मालक कंपनी मेटाला २१३ कोटींचा दंड ठोठावला, ती बातमीही लोकांनी व्हॉट्सअ‍ॅपवरूनच पुढे ढकलली.

छत्रपती संभाजीनगरकरांना यात नवल वाटू नये. इथे नळाला रोज पाणी येत नाही. आज पाळी कुणाची, गॅप किती वाढला, व्हॉल्व्ह उघडला का, हे सोसायटीच्या ग्रुपवरच कळते. तत्त्वासाठी ग्रुप सोडायचा आणि टाकी कोरडी ठेवायची, एवढे तत्त्वनिष्ठ कोण? ट्विटरवर रुसून २०२१मध्ये 'कू' या देशी अ‍ॅपवर गेलेल्या मंत्र्यांनीही ट्विटर काही सोडले नव्हते. 'कू' मात्र जुलै २०२४मध्ये बंद पडले.

याच शहराच्या वेशीबाहेर दौलताबाद आहे. मुहम्मद तुघलकाने १३२७मध्ये दिल्लीची राजधानी इथे हलवली आणि काही वर्षांत लोकांना परतीची मुभा दिली. लहरी कारभाराला त्याचे नाव कायमचे चिकटले. पण त्याला माणसे हलवायला दरारा, फौजफाटा लागला. आजच्या कंपन्यांना माणसे अडवून ठेवायला शिपाईसुद्धा लागत नाही. आपणच एकमेकांचे पाय धरून बसतो.

तरीही ते स्थलांतर अगदीच वाया गेले नाही. दिल्लीहून आलेले सूफी बुऱ्हाणुद्दीन गरीब आणि कवी अमीर हसन सिज्झी परत गेले नाहीत. दोघांच्या कबरी खुलताबादेत आहेत आणि त्या सूफींभोवतीच खुलताबाद नावारूपाला आले. ज्यांच्यावाचून इतरांचे अडते अशी चार माणसे टिकली, की वस्ती होते. म्हणून पुढच्या वेळी ठराव मांडणाऱ्याने ग्रुपवर भाषण न ठोकता आधी व्हॉल्व्ह उघडणाऱ्या लाइनमनला सिग्नलवर न्यावे. बाकीची सोसायटी बादल्या घेऊन मागोमाग येईल.