सव्वा तासाचा घोळ

‘लंडन ते पॅरिस? अगं ताई, सव्वा तास फक्त! दोन वाजता तुझ्याकडे जेवायला हजर,’ असं मी फोनवर ठोकून दिलं आणि तिथेच फसले.

कामानिमित्त लंडनला गेले होते. माझी मावसबहीण पॅरिसला नर्स आहे. चार वर्षांत भेट नाही. म्हटलं, शनिवारी जाऊ, रविवारी सकाळी परत येऊ. दोन शहरांतलं हवाई अंतर जेमतेम ३४५ किलोमीटर. त्यात विमानाचं तिकीट ट्रेनपेक्षा स्वस्त. बाराच्या फ्लाइटचं बुकिंग करून मोकळी झाले.

आता हिशेब बघा. हॉटेलमधून साडेआठला निघाले. हीथ्रोपर्यंत ट्यूबने तासभर. मग चेक-इन, सिक्युरिटी, गेटपर्यंतची पायपीट. विमान प्रत्यक्ष हवेत होतं तासाहूनही कमी. कॉफी संपते न संपते तोच पट्टे बांधायची सूचना! उतरल्यावर कळलं, पॅरिसचं घड्याळ लंडनच्या एक तास पुढे असतं. मग पासपोर्टची लांबलचक रांग. शार्ल द गोल विमानतळ शहरापासून २५ किलोमीटरवर, तिथून लोकल, मग मेट्रो. ताईची बेल वाजवली तेव्हा पावणेपाच झाले होते. सव्वा तासाच्या प्रवासाला सव्वासात तास!

ताई युनिफॉर्ममध्येच दार उघडायला आली. सहाला नाइट ड्युटीसाठी निघायचं होतं. टेबलावर वरण-भात गार झालेला. चार वर्षांनी भेट आणि हातात किती वेळ? बरोब्बर सव्वा तास.

‘युरोस्टारने का नाही आलीस?’ तिने विचारलं. खरंच, का नाही? लंडनच्या सेंट पँक्रास स्टेशनवरून पॅरिसचं गार द्यु नॉर सव्वादोन तासांवर. १९९४ साली सुरू झालेला समुद्राखालचा ५० किलोमीटरचा बोगदा, ताशी ३०० किलोमीटरपर्यंतचा वेग. ब्रिटनच्या बाजूचा नवा फास्ट ट्रॅक २००७ मध्ये पूर्ण झाल्यापासून वेळ आणखी कमी झालाय. स्टेशनवर तास-सव्वा तास आधी जावं लागतं हे खरं. पण फ्रान्सची पासपोर्ट तपासणी लंडनलाच उरकते. उतरलात की थेट शहरात.

रविवारी सकाळचं विमान मी सोडून दिलं. ऐन वेळी काढलेल्या ट्रेनच्या तिकिटाने खिसा साफ केला. पण ड्युटीवरून परतलेल्या ताईबरोबर पोहे खाल्ले, तीन तास गप्पा मारल्या. दुपारी एकची ट्रेन लंडनच्या घड्याळात अडीचच्या आत पोचली. येताना हरवलेला तास जाताना परत मिळाला!

तेव्हा मित्रांनो, तिकिटावर छापलेला वेळ हा विमानाचा असतो. आपला वेळ दारापासून दारापर्यंत मोजायचा. विशेषतः त्या दारामागे कुणीतरी जेवायचं थांबलेलं असेल तर.