भोंगा वाजला, दोष कुणाचा?

आपल्या वस्तीतील कितीतरी भगिनी दुसऱ्यांच्या घरी धुणीभांडी, स्वयंपाक करतात. कितीतरी बांधव इमारतींच्या गेटवर रात्रपाळी करतात. त्या घरांतून आता चोरीची सूचना देणारे अलार्म बसले आहेत. आमच्या परिचयाच्या एक ताई सकाळी नेहमीप्रमाणे किल्लीने दार उघडून आत गेल्या आणि भोंगा सुरू झाला. जिन्यात माणसे जमली. सगळ्यांच्या नजरा ताईंवर! ताईंची चूक कोणती? भिंतीवरच्या पेटीची भाषा त्यांना कुणी सांगितलीच नव्हती. म्हणून या वेळच्या सदरात आम्ही ती भाषा सांगत आहोत.

कल्पना जुनी आहे. ऑगस्टस पोप यांनी अमेरिकेत १८५३ साली विजेवर चालणाऱ्या अशा घंटेचे पेटंट घेतले. दार किंवा खिडकी उघडली की घंटा वाजे. आजच्या यंत्राचे कामही मुळात तेच.

'पॅनल' म्हणजे यंत्राचा मेंदू. बटणांची पाटी म्हणजे 'कीपॅड'. 'सेन्सर' म्हणजे पहारेकरी. दाराच्या सेन्सरचे दोन तुकडे असतात, त्यातल्या एकात लोहचुंबक असतो. दार उघडून तुकडे दूर गेले की पॅनलला खबर जाते. खोलीच्या कोपऱ्यात वर बसवलेला 'पीआयआर' माणसाच्या अंगच्या उष्णतेवरून हालचाल ओळखतो. मांजर फिरले तरी तो कधी कधी फसतो. अशा खोट्या इशाऱ्याला 'फॉल्स अलार्म' म्हणतात. घराच्या ज्या भागातून खबर येते तो 'झोन'.

यंत्र पहाऱ्यावर लावणे म्हणजे 'आर्म', पहारा उठवणे म्हणजे 'डिसआर्म'. घरात कुणी नसताना 'अवे' लावतात. तेव्हा सगळे सेन्सर जागे असतात. माणसे घरात झोपलेली असताना 'स्टे' लावतात. तेव्हा दारे-खिडक्या पहाऱ्यावर, पण आतली हालचाल चालते. दार उघडल्यावर कोड दाबायला जी थोडी सवलत मिळते, ती 'एन्ट्री डिले'. ती किती सेकंदांची हे यंत्र बसवताना ठरवतात. या वेळात बीप-बीप वाजते. घाबरून बाहेर पळू नये, शांतपणे कोड दाबावा.

पेटीचे किंवा सेन्सरचे झाकण उघडले तरी भोंगा होऊ शकतो, त्याला 'टॅम्पर' म्हणतात. धूळ पुसताना झाकणाला हात लावू नये. मेन स्विच बंद केला तरी भोंगा थांबत नाही, कारण आत 'बॅकअप' बॅटरी असते. 'पॅनिक' बटण फक्त खऱ्या संकटासाठी.

आता सर्वांत महत्त्वाचे दोन शब्द. 'यूजर कोड' म्हणजे प्रत्येकाचा वेगळा आकडा. 'इव्हेंट लॉग' म्हणजे कोणत्या कोडने, किती वाजता पहारा लावला वा उठवला याची पॅनलमधली नोंद. सगळ्या घराचा एकच कोड असेल, तर ही नोंद कुणाचेच नाव सांगू शकत नाही. मग संशय गरिबावर येतो. तुमचा कोड वेगळा असेल, तर तीच नोंद तुमची साक्षीदार होते. तुम्ही दहाला निघालात आणि चोरी दुपारी झाली, हे यंत्रच सांगेल.

म्हणून भगिनींनो, कामाच्या घरी मालकिणीला स्पष्ट सांगा : "ताई, मला माझा वेगळा कोड द्या आणि एकदा समोर उभ्या राहून वापरायला शिकवा." तो कोड कुणाला सांगू नका, चिठ्ठीवर लिहून ठेवू नका. काम सोडताना तो पुसून टाकायला लावा. गेटवरच्या बांधवांनी भोंगा वाजल्याची वेळ वहीत लिहावी, एकट्याने आत घुसू नये, घरमालकाला कळवावे आणि चोरीचा संशय असल्यास ११२ क्रमांकावर फोन करावा.

मागायला संकोच वाटेल. पण घामाची भाकरी खाणाऱ्याने संशयाखाली मान का घालावी? माहिती असली की मान ताठ राहते.