घरच्या संगणकाला किती कवच पुरे?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० या प्रणालीची नियमित देखभाल थांबवली. ज्यांनी वाढीव मुदतीच्या अपडेटसाठी नोंदणी केलेली नाही, त्यांच्या संगणकांना नव्याने उघडकीस येणाऱ्या त्रुटींवरची दुरुस्ती तेव्हापासून मिळत नाही. देशभरातल्या अनेक घरांत आणि वसतिगृहांत आजही हीच प्रणाली चालते, कारण जुन्या यंत्रांपैकी कित्येकांवर विंडोज ११ बसतच नाही. अशा वेळी विद्यार्थी हमखास विचारतात, "एखादा महागडा अँटीव्हायरस घेऊन सगळी बटणे कमाल पातळीवर ठेवली, की भागेल ना?"

भागणार नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याचे कारण मोजमापाच्या शास्त्रात आहे.

कणभौतिकीच्या प्रयोगात शोधकयंत्राला एक उंबरठा ठरवून द्यावा लागतो. तो फार खाली ठेवला तर विद्युत गोंगाटही कण म्हणून नोंदला जातो. फार वर ठेवला तर खरा कण निसटतो. अँटीव्हायरसची स्थिती नेमकी हीच असते. समजा, तुमच्या संगणकावर एक लाख फाइली आहेत आणि त्यांतल्या पाच दूषित आहेत. प्रोग्राम त्या पाचही पकडतो, पण हजारातल्या एका निर्दोष फाइलीवर चुकून संशय घेतो. म्हणजे एकूण सुमारे १०५ इशारे, त्यांतले खरे पाच. आता संवेदनशीलता वाढवली आणि चुकीचा संशय शंभरात एक झाला, तर खोटे इशारे हजारावर जातात; खरे मात्र पाचच राहतात. हे आकडे समजुतीसाठी घेतलेले आहेत, प्रत्यक्षातले प्रोग्राम याहून पुष्कळ काटेकोर असतात. तत्त्व मात्र बदलत नाही. 'लांडगा आला रे आला' अशी रोज हाकाटी ऐकणारा माणूस शेवटी न वाचताच 'परवानगी द्या' हे बटण दाबतो, आणि खरा लांडगा त्याच दारातून आत येतो.

दुसरा धोका पहारेकऱ्याचाच. सुरक्षा-प्रोग्रामला प्रणालीच्या गाभ्यापर्यंत पोहोचण्याचे अधिकार द्यावे लागतात. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सदोष अपडेटमुळे जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले. आपल्याकडच्या काही विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास देण्याची वेळ आली. हल्लेखोर कोणीच नव्हता. रक्षकाचाच पाय घसरला होता. म्हणून एकाच संगणकावर दोन-दोन अँटीव्हायरस चढवणे हा शहाणपणा नव्हे. दोघेही प्रत्येक फाइल उघडताना आडवे येतात, एकमेकांवर संशय घेतात आणि यंत्र मंदावते.

मग खरे नुकसान कुठून होते? मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या खंडणीखोर प्रोग्रामने दीडशेच्या आसपास देशांत धुमाकूळ घातला. ज्या त्रुटीतून तो शिरला, तिची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच उपलब्ध करून दिली होती. ती न बसवलेले संगणक सापडले. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्स रुग्णालयावर हल्ला झाला. सरकारने संसदेत दिलेल्या माहितीनुसार पाच सर्व्हरवरील सुमारे १.३ टेराबाइट माहिती कुलूपबंद झाली, आणि मूळ दोष होता नेटवर्कच्या सदोष विभागणीचा. रुग्णसेवा कित्येक दिवस कागदावर चालवावी लागली. हल्ल्यापासून बचावलेल्या एका बॅकअप सर्व्हरमुळे मात्र ई-हॉस्पिटलची माहिती परत मिळाली. या दोन घटनांतून घरच्या संगणकासाठी दोन गोष्टी शिकाव्यात: अपडेट वेळेवर, आणि प्रत वेगळ्या जागी.

आता पातळ्यांचे बोलू. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, डिफेंडर हा पूर्ण अँटीव्हायरस प्रणालीतच अंतर्भूत असतो. अलीकडच्या वर्षांत एव्ही-टेस्टसारख्या स्वतंत्र चाचण्यांत तो नामांकित सशुल्क प्रोग्रामांच्या पंक्तीत बसला आहे. अभ्यास, ईमेल आणि बँकेचे व्यवहार एवढाच वापर असलेल्या घराला डिफेंडर, फायरवॉल, वेळच्या वेळी अपडेट आणि रोजच्या कामासाठी प्रशासकाचे अधिकार नसलेले खाते एवढे पुरते. बाहेरच्या छपाईच्या दुकानांतून आणि महाविद्यालयाच्या प्रयोगशाळांतून पेनड्राइव्ह फिरून येत असतील, किंवा एकच संगणक सारे घर वापरत असेल, तर एखादा चांगला सशुल्क प्रोग्राम घेण्यात वावगे काही नाही. त्याआधी सर्ट-इनच्या सायबर स्वच्छता केंद्राची मोफत साधने पाहावीत. २०१७ पासून ती सर्वांना खुली आहेत. तिसरी पातळी इतरांची माहिती बाळगणाऱ्यांची. रुग्णांच्या नोंदी किंवा सर्वेक्षणातील लोकांची नावे तुमच्याकडे असतील, तर हार्डडिस्कचे कूटलेखन आणि त्या कामापुरता वेगळा संगणक हवा. विंडोज १० वरच अडकलेल्यांनी वाढीव अपडेटची नोंदणी करावी किंवा लिनक्सकडे वळावे. भोके पडलेल्या छपरावर रंगाचा कितीही जाड थर दिला, तरी पाणी गळतच राहते.

विद्यार्थिमित्रांनो, एका अप्रिय गोष्टीविषयीही बोलले पाहिजे. महागड्या सॉफ्टवेअरच्या 'क्रॅक' केलेल्या प्रती आपल्याकडे सर्रास हातोहात फिरतात, आणि त्यांच्या सूचनांतले पहिले वाक्य बहुधा 'आधी अँटीव्हायरस बंद करा' असे असते. स्वतःच्या हाताने दार उघडून देणाऱ्याला कोणते कुलूप वाचवणार? परवान्याची किंमत शिष्यवृत्तीला परवडत नाही, हे मी जाणतो. पण पायथन, सायलॅब, लिब्रेऑफिस ही साधने मोफत आणि राजरोस उपलब्ध आहेत, आणि त्यांच्या प्रसारासाठी आयआयटी मुंबईत फॉसी हा प्रकल्प केंद्र सरकारच्या अर्थसाहाय्याने चालतो. मार्गदर्शकांनी आणि विभागप्रमुखांनी या साधनांचा आग्रह धरला, तर देशातले हजारो संगणक एक रुपयाही न खर्चता अधिक सुरक्षित होतील. ही जबाबदारी एकट्या विद्यार्थ्यावर ढकलणे मला अन्यायाचे वाटते.

शेवटी मर्यादाही सांगायला हवी. 'डिजिटल अरेस्ट'ची धमकी देऊन घाबरवलेला माणूस स्वतःच पैसे पाठवतो, तेव्हा कोणताही प्रोग्राम त्याला अडवत नाही. त्या व्यवहारात दूषित फाइलच नसते. अशी अटक भारतीय कायद्यात अस्तित्वातच नाही, हे घरातल्या ज्येष्ठांना आजच सांगावे, आणि १९३० हा मदत-क्रमांक फ्रिजवर लिहून चिकटवावा.

अँटीव्हायरसच्या वार्षिक शुल्काचे पैसे हाताशी असतील, तर माझ्या मते बहुतेक विद्यार्थ्यांनी ते आधी बाह्य हार्डडिस्कसाठी बाजूला ठेवावेत. आठवड्यातून एकदा ती जोडावी, प्रत घ्यावी आणि लगेच काढून कपाटात ठेवावी. संगणक नवा आणता येतो. पाच वर्षांची निरीक्षणे आणि अर्धा लिहून झालेला प्रबंध दुकानात मिळत नाही.

तुमच्या प्रबंधाची शेवटची प्रत तुम्ही कधी घेतली होती?