शाकाहारी म्हणजे नुसतं चीज नव्हे

सप्टेंबरात शाळा सुरू झाल्या की इथल्या मराठी व्हॉट्सॲप ग्रुपांवर एकच प्रश्न फिरतो: शाळेतलं जेवण घ्यायचं की डबा द्यायचा? इंग्लंडच्या सरकारी शाळांत २०१४ पासून रिसेप्शन ते इयर टू, म्हणजे साधारण चार ते सात वर्षांच्या सगळ्या मुलांना दुपारचं जेवण मोफत आहे. लंडनमध्ये तर २०२३ पासून सगळ्याच सरकारी प्राथमिक शाळांत. तरी आपल्यातले शाकाहारी पालक डब्याकडे वळतात, आणि त्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही. मेन्यूत 'व्हेजिटेरियन' पुढे काय असतं? सोमवारी चीज पिझ्झा, मंगळवारी मॅकरोनी चीज, बुधवारी भाजलेल्या बटाट्यावर परत चीज. क्वॉर्नच्या बऱ्याच पदार्थांत अंड्यातला पांढरा भाग असतो, कारण इथे अंडं शाकाहारातच धरतात.

पण डबा म्हणजे सुटका, असंही नाही. बऱ्याच शाळांत दाणे आणायला बंदी आहे, आणि दाण्याच्या कुटाशिवाय आपली भाजी, कोशिंबीर, साबुदाण्याची खिचडी कशी व्हायची? संक्रांतीचा तिळगूळही वर्गात वाटता येत नाही. ब्रिटनमध्ये कायद्याने जाहीर कराव्या लागणाऱ्या १४ ॲलर्जनमध्ये शेंगदाणे, तीळ आणि मोहरी तिन्ही आहेत. हा नुसता बाऊ नाही. २०१६ मध्ये नताशा एदनान-लापेरूस ही १५ वर्षांची मुलगी पावाच्या पिठातल्या तिळामुळे दगावली, त्यानंतर तिच्या नावाचा कायदा आला. म्हणूनच, लक्ष द्यावं म्हणून फॉर्मवर 'अंड्याची ॲलर्जी' लिहून टाकायची आपल्याकडची युक्ती मला अजिबात पटत नाही. खोट्या नोंदी वाढल्या की खऱ्या ॲलर्जीवाल्या पोराकडे बघणारी नजर सैल होते. 'आम्ही अंडं खात नाही, जिलेटिनही नको' एवढं सरळ लिहावं की!

खरं हत्यार दुसरीकडेच आहे. २०१५ पासून लागू असलेल्या स्कूल फूड स्टँडर्ड्समध्ये स्पष्ट म्हटलंय की शाकाहारी मुलांना आठवड्यातून किमान तीन दिवस दुग्धजन्य नसलेली प्रथिनं मिळाली पाहिजेत. म्हणजे डाळ, राजमा, छोले, टोफू. आठवडाभर चीजवर भागवणारी शाळा हा नियम पाळत नाही, आणि तसं विचारायचा पालकांना पूर्ण हक्क आहे.

विचारायचं तर जेवण घेऊन विचारावं. लहान वर्गांच्या मोफत जेवणाचं सरकारी अनुदान ऑक्टोबर आणि जानेवारीतल्या गणनेत किती मुलं जेवली त्यावर ठरतं. डबा नेणारं मूल त्या हिशेबात येतच नाही. मग त्याच्यासाठी मसूर कोण शिजवणार? ऑक्टोबरच्या आत मेन्यू मागवून घ्या आणि शाळेला दोन ओळींचा ईमेल टाका: या आठवड्यात डाळ किंवा कडधान्य कुठल्या तीन दिवशी आहे?