विश्लेषण : एका प्रोग्रामरने किती ‘माग’ सांभाळायचे? एआय एजंटची ‘बॅकग्राउंड’ कामे कशी चालतात?

परळ-लोअर परळच्या जुन्या गिरण्यांच्या आवारांत आता कार्यालये आहेत आणि त्यांतल्या अनेकांत बँका, वित्तसंस्था, माध्यमे यांच्यासाठी सॉफ्टवेअर लिहिले जाते. हे काम करणाऱ्यांच्या हाती गेल्या वर्ष-दीड वर्षात एआय कोडिंग एजंट आले. काम सोपवून आपण दुसरीकडे वळायचे, एजंट मागे काम करत राहील, ही त्यांची नवी सोय. त्यातून उभा राहणारा प्रश्न मात्र या गिरणगावाला नवा नाही.

‘बॅकग्राउंड टास्क’ म्हणजे काय?

कोडिंग एजंट नुसती उत्तरे देत नाही. तो फाइल उघडतो, बदलतो, संगणकावर आज्ञा चालवतो आणि निकाल वाचून पुढचे पाऊल ठरवतो. पण काही आज्ञा लवकर संपत नाहीत. मोठ्या प्रणालीच्या सगळ्या चाचण्या चालायला अर्धा तासही लागू शकतो. चाचणीसाठीचा सर्व्हर तर चालूच ठेवायचा असतो. पूर्वी एजंट अशा आज्ञेपाशी ताटकळत बसे. अँथ्रॉपिकच्या ‘क्लॉड कोड’मध्ये आता कंट्रोल-बी दाबले की ती आज्ञा मागे सरकते, तिला ओळखक्रमांक मिळतो आणि एजंट दुसऱ्या कामाला लागतो, मधूनमधून मागच्या आज्ञेचा निकाल वाचतो. अर्थात, लॅपटॉप मिटला की हे काम थांबते.

दुसरा प्रकार क्लाउडचा. मे २०२५ मध्ये ओपनएआयचा नवा ‘कोडेक्स’, गूगलचा ‘ज्यूल्स’ आणि गिटहबचा ‘कोपायलट’ कोडिंग एजंट असे तिन्ही एकाच महिन्यात लोकांसमोर आले. ऑक्टोबरमध्ये क्लॉड कोडही वेबवर आला. येथे एजंट कंपनीच्या सर्व्हरवर, स्वतंत्र कप्प्यात काम करतो. प्रोग्रामर लोकलमध्ये असो वा घरी झोपलेला, काम संपले की बदलांचा प्रस्ताव, म्हणजे ‘पुल रिक्वेस्ट’, त्याच्यासमोर येते. एकाच वेळी चार-पाच कामे अशी सोडता येतात.

१९२८ च्या संपाशी याचा संबंध काय?

मुंबईच्या काही गिरण्यांत, विशेषतः ससून समूहाच्या, विणकराने दोनऐवजी तीन माग सांभाळावेत अशी योजना आली. कार्यक्षमता वाढेल, हा मालकांचा युक्तिवाद. जास्त माग म्हणजे जास्त ताण आणि कमी माणसे, हे कामगारांचे उत्तर. एप्रिल ते ऑक्टोबर १९२८ असा सहा महिने चाललेला सार्वत्रिक संप या वादातूनही पेटला आणि त्यातूनच लाल बावट्याची गिरणी कामगार युनियन उभी राहिली. मागाचा धागा तुटला तर निदान तो डोळ्यांना दिसत असे. एजंटची चूक नीट लिहिलेल्या, चाचणी पास झालेल्या कोडमध्ये दडून राहू शकते. कधी कधी तर चाचणीच सैल करून ती पास केलेली असते. म्हणून इथे ‘मागां’ची संख्या ठरते ती माणूस किती बदल खरोखर वाचू शकतो यावर.

वेळ वाचल्याचा भासही फसवा असू शकतो. ‘एमईटीआर’ या अमेरिकी संस्थेने २०२५ मध्ये १६ अनुभवी प्रोग्रामरांना २४६ कामे दिली. एआय वापरताना त्यांना सरासरी १९ टक्के जास्त वेळ लागला. त्यांना स्वतःला मात्र आपण २० टक्के वेगाने काम केले असे वाटत होते. ही चाचणी २०२५ च्या सुरुवातीच्या साधनांवरची, हे खरे. पण अंदाज आणि घड्याळ यांतले ते अंतर विसरण्यासारखे नाही.

धोका नेमका कुठे?

सर्वांत मोठा धोका परवानगीचा. एजंट जोखमीच्या आज्ञेपूर्वी विचारतो, ‘करू का?’ समोर कोणी नसेल तर काम तिथेच अडते. मग कंटाळून सगळ्या परवानग्या एकदम दिल्या जातात. क्लॉड कोडमध्ये त्यासाठीच्या पर्यायाच्या नावातच ‘डेंजरसली’ हा शब्द आहे. तरी तो वापरला जातोच. जुलै २०२५ मध्ये ‘रेप्लिट’च्या एजंटने, कोणतेही बदल करू नयेत अशी सूचना असतानाही, एका अमेरिकी उद्योजकाचा चालू डेटाबेस पुसून टाकला. कंपनीच्या प्रमुखांनी माफी मागितली आणि चाचणीचा व प्रत्यक्ष वापराचा डेटाबेस वेगळे करण्याची सोय आणली. हे विलगीकरण आधीपासून हवे, हा धडा सॉफ्टवेअर क्षेत्रात खूप जुना आहे.

बाकी अडचणी रोजच्या आहेत. दोन एजंट एकाच फाइलवर सोडले तर एक दुसऱ्याचे काम पुसतो. त्यावर ‘गिट वर्कट्री’ने प्रत्येकाला वेगळे फोल्डर देणे हा उपाय. विसरलेला सर्व्हर पोर्ट अडवून बसतो. शिवाय खर्च : काही ग्राहक चोवीस तास एजंट मागे चालू ठेवतात, असे सांगत अँथ्रॉपिकने २८ ऑगस्ट २०२५ पासून साप्ताहिक मर्यादा लावल्या.

चूक झाल्यास उत्तरदायी कोण?

भारतीय नियमांत ‘एजंटने केले’ ही सबब नाही. सर्ट-इनच्या २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना सहा तासांत कळवावी लागते आणि प्रणालींच्या नोंदी १८० दिवस जपाव्या लागतात. रात्री मागे चाललेल्या कामाची गडबड सकाळी दहाला लक्षात आली, तर आधी त्या नोंदीच शोधाव्या लागणार. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा, २०२३ नुसार सुरक्षेतील हलगर्जीसाठी दंड २५० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो.

गिटहबने यावर एक साधी अट ठेवली आहे : परीक्षण सक्तीचे असेल, तर ज्याने एजंटला काम सांगितले, त्याने स्वतःच त्या बदलांना मंजुरी देऊन चालत नाही, दुसरा माणूस लागतो. मोठ्या कंपनीत तो शेजारच्या टेबलावर मिळतो. दोघा-तिघांच्या छोट्या कार्यालयात, प्रत्येकाने आपापले चार एजंट सोडलेले असताना, त्या दुसऱ्या माणसाला वेळ कधी मिळणार, हे ज्याचे त्याला ठरवावे लागेल.