श्रेणी कोणाची, श्रम कोणाचे?

न्यूयॉर्कच्या 'व्हिलेज व्हॉइस' या साप्ताहिकात जुलै १९६९ मध्ये रॉबर्ट क्रिस्टगाऊ या तरुण समीक्षकाने एक सदर सुरू केले. बाजारात नव्याने आलेले संगीताचे अल्बम ऐकायचे, प्रत्येकाबद्दल चारसहा ओळी लिहायच्या आणि शेवटी शाळामास्तराप्रमाणे एक श्रेणी द्यायची, अशी त्याची पद्धत होती. 'ए प्लस'पासून 'ई मायनस'पर्यंत या श्रेणी उतरत जात. सदराचे नाव होते 'ग्राहक मार्गदर्शिका', आणि त्या नावातच सदराचा खवचटपणा होता. तो काळ अमेरिकेतील तरुणांच्या बंडाचा. आपले संगीत बाजाराच्या पलीकडचे आहे, अशी त्या पिढीची गोड समजूत होती. क्रिस्टगाऊ हा एका अग्निशामक दलातील जवानाचा मुलगा. ही तबकडी कोणीतरी विकते, कोणीतरी खिशातले पैसे मोजून विकत घेते आणि घेणाऱ्याला ती घेण्याजोगी आहे की नाही हे सांगणारा कोणीतरी हवा, एवढीच साधी गोष्ट त्याने त्या नावातून सुचवली.

अर्धशतकाहून अधिक काळ या एका श्रोत्याने हजारो अल्बमांना श्रेणी दिल्या. त्यावर आक्षेप येणे स्वाभाविक होते. कलेला गुण देता येतात काय, हा जुना प्रश्न. तो सर्वांत कडवटपणे विचारला गायक लू रीड याने. १९७८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रत्यक्ष मैफलीच्या ध्वनिमुद्रणात त्याने व्यासपीठावरूनच क्रिस्टगाऊचे नाव घेऊन शिव्यांची लाखोली वाहिली. कलावंताने वर्षभर राबावे आणि साप्ताहिकात बसलेल्या कोणा एकाने त्याच्या हातावर 'बी प्लस' ठेवावे, हा त्याच्या संतापाचा मथितार्थ. क्रिस्टगाऊने त्या अल्बमचेही परीक्षण लिहिले, आपल्या नावाचा उच्चार अचूक केल्याबद्दल रीडचे आभार मानले आणि श्रेणी दिली 'सी प्लस'!

हा प्रसंग विनोदी असला तरी रीडची तक्रार हसण्यावारी नेण्याजोगी नाही. ती मुळात श्रमिकाची तक्रार आहे. दुसऱ्याच्या वर्षभराच्या कष्टाचे मोल एका अक्षरात ठरवण्याचा अधिकार कोणाला, असा तिचा रोख आहे. चळवळीत वावरणाऱ्या माणसाला हा प्रश्न परका वाटू नये.

परंतु या प्रश्नाचे उत्तर 'कोणालाच नाही' असे देऊन सुटका होत नाही. व्यक्तीने श्रेणी दिली नाही म्हणून श्रेणी लागायची थांबत नाही. ती बाजार लावतो. खपाचे आकडे आणि लोकप्रियतेच्या साप्ताहिक याद्या याही श्रेणीच होत. फरक इतकाच की त्यांच्याखाली कोणाची सही नसते. सही नाही म्हणजे जबाबदारी नाही आणि जबाबदारी नाही म्हणून वादही घालता येत नाही. क्रिस्टगाऊच्या 'सी प्लस'शी भांडता येते, कारण त्याने कारणे दिलेली असतात. १९८१ साली सत्तरच्या दशकातील परीक्षणांचे पुस्तक करताना त्याने स्वतःच्याच कित्येक श्रेणी बदलल्या. आपले चुकले असे खपाचा आकडा कधी म्हणत नाही.

एका श्रोत्याच्या मताचे खरे मोल कळते ते तो एकटा पडल्यावर. जून १९६७ मध्ये बीटल्सचा 'सार्जंट पेपर' हा अल्बम आला आणि जगभर स्तुतीचा पूर लोटला. त्याच वेळी 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये रिचर्ड गोल्डस्टीन या अवघ्या विशीतल्या समीक्षकाने लिहिले की या अल्बमात कलाकुसर फार आणि प्राण थोडा आहे. वाचकांच्या संतप्त पत्रांचा वर्षाव झाला. गोल्डस्टीनने माघार न घेता आपली बाजू पुन्हा मांडली. त्याचे मत बरोबर होते की चूक, हा मुद्दा गौण आहे. सगळी सभा टाळ्या वाजवीत असताना एखाद्याने उठून 'मला हे पटत नाही, आणि त्याची कारणे अशी' म्हणावे, यात सभेचा अपमान नसून तिचे आरोग्य आहे. ज्यांनी एकमताने संमत झालेले ठराव आणि त्यांची पुढची गत पाहिली आहे, त्यांना हे वेगळे सांगायला नको.

मग अनेकांचे मत एकत्र केले तर सत्य हाती लागते काय? 'रोलिंग स्टोन' नियतकालिकाने २००३ साली शेकडो जाणकारांची मते मागवून सर्वश्रेष्ठ पाचशे अल्बमांची यादी केली. पहिला क्रमांक 'सार्जंट पेपर'चा. पहिल्या दहांत कृष्णवर्णीय कलावंताचा अल्बम एकच, मार्विन गे याचा 'व्हॉट्स गोइंग ऑन', तोही सहावा. स्त्री गायिकेचा एकही नाही. २०२० साली नव्या मतदारांकडून नवी यादी झाली. तीत 'व्हॉट्स गोइंग ऑन' पहिला आला, जोनी मिचेल तिसरी, लॉरिन हिल दहावी, आणि 'सार्जंट पेपर' चोविसाव्या क्रमांकावर गेला. सतरा वर्षांत तबकड्यांवरील एक स्वरही बदलला नव्हता. बदलले होते ते मतपेटीपाशी उभे राहिलेले लोक. तेव्हा 'सर्वश्रेष्ठ' या शब्दाला भुलण्यापूर्वी मतदारयादी मागून घ्यावी, हेच शहाणपण.

गंमत अशी की याच 'व्हॉट्स गोइंग ऑन'ला १९७१ साली क्रिस्टगाऊने 'बी प्लस' दिला होता. त्यातील तीन गाणी त्याने वाखाणली. बाकीचा भाग आणि व्हायोलिनादी वाद्यांचा साज त्याला पसंत पडला नाही. व्हिएतनामहून परतलेला सैनिक, पोलिसांची दंडेली, वस्त्यांमधील दैन्य, विषारी झालेली हवा आणि पाणी हे सारे मांडणारा हा अल्बम. मोटाऊन कंपनीचा मालक बेरी गॉर्डी याचा शीर्षकगीत प्रसिद्ध करायलाच आधी विरोध होता. आज तो पहिल्या क्रमांकावर आहे म्हणून क्रिस्टगाऊचे कान खोटे ठरत नाहीत. आणि क्रिस्टगाऊला साज आवडला नाही म्हणून या गाण्यांनी जागवलेली माणसे खोटी ठरत नाहीत. श्रेष्ठ आशयाचे गाणेही कानाला कच्चे वाटू शकते, आणि तसे सांगण्याचे धैर्य पुरोगामी श्रोत्याने गमावू नये. विषय योग्य म्हणून पूर्ण गुण, हा हिशेब कलेला आणि विचाराला सारखाच घातक आहे.

मात्र एका बाबतीत एकटा परीक्षक आणि शेकडोंची यादी हे दोघेही सारखेच अपुरे पडतात. श्रेणी मिळते ती वेष्टनावर ज्याचे नाव मोठे असते त्याला. साठच्या दशकभर मोटाऊनच्या असंख्य गाण्यांवर डेट्रॉइटच्या ज्या वादकांनी साथ केली, त्या 'फंक ब्रदर्स'ची नावे तबकड्यांवर छापली जात नव्हती. ती प्रथम सन्मानाने छापली गेली 'व्हॉट्स गोइंग ऑन'च्या वेष्टनावर. पुढच्याच वर्षी कंपनीने आपला मुक्काम लॉस एंजेलिसला हलवला आणि त्यांतील बरेचसे वादक मागेच राहिले.

'सार्जंट पेपर'ची कथा तर भारतीय वाचकाच्या अधिक जवळची आहे. त्यातील जॉर्ज हॅरिसनच्या गाण्यात दिलरुबा, तबला आणि तंबोरा वाजतो तो लंडनमध्ये राहणाऱ्या भारतीय वादकांच्या हातून. त्या गजबजलेल्या, रंगीबेरंगी वेष्टनावर त्यांच्या नावांना मात्र जागा मिळाली नाही. पन्नास वर्षांनी, २०१७ साली, लिव्हरपूल विद्यापीठाच्या प्रयत्नांतून अण्णा जोशी, अमृत गज्जर, बुद्धदेव कंसारा आणि नटवर सोनी ही नावे लोकांसमोर आली. या अर्धशतकात त्या अल्बमला किती वेळा पहिला क्रमांक मिळाला असेल! त्या पहिल्या क्रमांकातील आपला वाटा या चौघांना कोणी विचारला नव्हता.

म्हणून श्रेणी देऊच नये, असा निष्कर्ष काढण्याचे कारण नाही. आवडनिवड सांगणे हा श्रोत्याचा हक्क आहे, आणि ती कारणांसह, स्वतःच्या सहीने सांगणे हे त्याचे कर्तव्य. पण ते बजावताना त्याने दोन पथ्ये पाळावीत. आपला निकाल शेवटचा मानू नये आणि तबकडी कपाटात परत ठेवण्यापूर्वी वेष्टनाच्या मागची बारीक अक्षरे वाचावीत. तेथे वादकांची नावे असतील तर ती लक्षात ठेवावीत. नसतील, तर ती का नाहीत हे विचारावे. लू रीडच्या रागाला याहून प्रामाणिक उत्तर कोणत्याही अक्षरात देता येणार नाही.